दोन डझन केळी

संघमित्रा, तुझ्यावर लिहू का असं विचारलं असतं तर तू "नको हो बाई" म्हणाली असतीस, म्हणून विचारलंच नाही. शाळांवर लिहिणारे एक तर गुरुजींना देव करतात, नाहीतर कामचुकार ठरवतात. तू यातली कोणीच नाहीस. तू एकदा चुकलीस, आणि चुकल्यावर जे केलंस ते मला सांगायचं आहे. तुला न ओळखणाऱ्यांसाठी सगळं पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नकोस.

तर ही संघमित्रा सपकाळे. वडील दीपनगरच्या वीजकेंद्रात फिटर होते. डी.एड. जळगावला, मी शिकवायचे त्या कॉलेजात झालं आणि अकरा वर्षांपूर्वी नेमणूक मिळाली ती चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की "वेळ मिळाला नाही" म्हणते, आणि ते फारसं खोटं नाही. वडील गेल्यावर आई पार्वताबाई दीपनगरजवळ एकटी राहते. तिला काचबिंदू आहे, डोळ्यांत दिवसातून तीनदा थेंब घालावे लागतात. म्हणून संघमित्राने यंदा प्रथमच बदलीचा अर्ज केला होता. अकरा वर्षं डोंगरात काढल्यावर नंबर लागणार हे ठरल्यासारखंच होतं. फक्त मागे कसली चौकशी लागलेली नको.

शाळेत वर्ग पाच आणि शिक्षक दोन. मुख्याध्यापक भिकन सर पहिली-दुसरी सांभाळत, आणि तिसरी, चौथी, पाचवी एकाच खोलीत संघमित्राकडे. पोरं पावरा आदिवासी घरांतली, घरी पावरी बोलणारी. आईबाप खाली बागायत पट्ट्यात केळी कापायला जातात, सुटीत पोरंही जातात. केळीचा घड कसा उतरवायचा, फणी कशी कापायची, हे तिसरीच्या पोराला जेवढं कळतं तेवढं मला सत्तरी उलटून कळत नाही.

ऑगस्टात पायाभूत चाचणी आली. सगळ्या राज्यात, ज्या त्या इयत्तेला एकच पेपर. कल्पना वाईट नाही. कोणत्या पोराला काय येतं हे कळायलाच हवं. पण एका खोलीत तीन इयत्ता, तीन प्रश्नपत्रिका आणि बाई एक, हे ठरवणाऱ्यांनी कधी करून पाहिलेलं नसतं. सूचना कडक होती: प्रश्न वाचून दाखवा, अर्थ सांगू नका.

गणिताच्या दिवशी संघमित्रा पाचवीच्या बबलूला प्रश्न वाचून दाखवत होती. तेवढ्यात मागून तिसरीतल्या जिवलीने विचारलं, "मॅडम, डझन काय?"

जिवली म्हणजे वर्गातली हुशार पोर. शंका आली की हात वर न करता तोंडच उघडायची.

"केळीची फणी असते ना, तसंच काहीतरी. लिही आता," संघमित्रा मान न वळवता म्हणाली.

"वरची फणी का खालची?"

हा प्रश्न अगदी रास्त होता. घडाच्या वरच्या फणीत केळी जास्त असतात, खालच्या फणीत कमी.

"मधली धर गं!"

"मधलीत सोळा."

"हं," संघमित्रा म्हणाली, आणि बबलूकडे वळली.

तिसरीच्या नऊही पोरांनी ते 'हं' ऐकलं.

संध्याकाळी पेपर तपासायला घेतले. तिसरीचा सातवा प्रश्न असा: आईने दोन डझन केळी आणली, त्यातली पाच खराब निघाली, चांगली किती उरली? जिवलीने लिहिलं होतं: सोळा अधिक सोळा बत्तीस, त्यातून पाच गेले, सत्तावीस. दुसरा पेपर, सत्तावीस. तिसरा, सत्तावीस. नऊही पेपरांत सत्तावीस. प्रश्न न बघताच आपण त्याचा अर्थ सांगून बसलो, आणि तोही चुकीचा! तिने नऊही पेपरांत त्या प्रश्नाला शून्य दिलं आणि तेच मोबाईलवरून भरून टाकलं. गुण वाढवून कुणाला कळलंही नसतं. तिने वाढवले नाहीत. पण कुणाला काही सांगितलंही नाही. अर्ज डोळ्यांसमोर होता ना!

आठवड्याने केंद्रप्रमुख प्रेमराज सर पेपर पडताळायला आले. माणूस वाईट नव्हता. सतरा शाळा मोटारसायकलने फिरून कंबर धरलेली, त्यामुळे तोंड जरा तिखट.

"मॅडम, नऊ पोरं आणि नऊ सत्तावीस! एवढी एकी ग्रामपंचायतीत असती तर रस्ता झाला असता," ते म्हणाले. मग वर्गाकडे वळले. "कोणी कोणाचं पाहिलं रे? कॉपी म्हणजे चोरीच असते, माहीत आहे ना?"

संघमित्राच्या ओठांवर आलेलं वाक्य ओठांवरच राहिलं. सरांनी शेरा लिहिला: तिसरीचे पेपर बाजूला ठेवावेत, शुक्रवारी तालुक्याहून पथक येऊन नऊ जणांची पुन्हा चाचणी घेईल.

ते गेल्यावर भिकन सरांनी दार लोटून घेतलं. संघमित्राने त्यांना 'हं'ची हकिगत सांगितली. एरवी प्रमाण मराठी बोलणारे सर एकदम घरच्या अहिराणी बोलीवर उतरले.

"मॅडम, तुम्ही गप ऱ्हा. पोरे न्हाना शेतस, इसरी जातीन. तुमनी बदली मातर हुकी जाई."

पोरं लहान आहेत, विसरतील, या भरवशावर ती गप्प राहिली, एक दिवस. एक दिवस गप्प राहिली हेही मला लिहिलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी जिवली शाळेत आली नाही. आला तिचा बाप, दिलवरसिंग. पायरीवरच उभा राहिला.

"मॅडम, जिवलीनं चोरी केली म्हणतात."

"दादा, तसं नाही..."

"चोरीच शिकवायची तर बागेत पाठवली असती. तिथं केळी तरी मिळाली असती. शुक्रवारी साहेब लोक येणार, सगळ्यांसमोर विचारणार. मी नाही पाठवत. आईबरोबर कामाला जाईल."

त्या पाड्यावर पोरगी एकदा कामाला लागली की तिचं नाव हजेरीत तेवढं उरतं. दिलवरसिंगला जिवलीला शाळेत ठेवायला तयार करण्यात संघमित्राची दोन वर्षं गेली होती.

"दादा, चूक तिची नाही, माझी आहे," ती म्हणाली. "तिला मीच तसं सांगितलं. आता लिहून देते, तुमच्यासमोर."

आणि दिलं. अर्धं पान. मी अर्थ सांगितला, चुकीचा सांगितला, मुलांनी माझं ऐकून लिहिलं, कॉपी झालेली नाही, पथकाची गरज नाही. खाली सही.

प्रेमराज सरांनी ते पान दोनदा वाचलं. "मॅडम, 'हं' हे मी कोणत्या रकान्यात भरू?"

"रकाना नसेल तर कागद तसाच पुढे पाठवा."

"बदलीचा अर्ज आहे ना तुमचा?"

"आहे."

"मग हे आणखी दोन महिन्यांनी नसतं का आठवलं तुम्हाला?"

"शुक्रवार दोन महिन्यांनी नाही, सर."

त्यांनी पान घडी करून खिशात ठेवलं. पथक आलं नाही, शेरा खोडला गेला. संघमित्राला नोटीस आली, तिच्यावर चौकशी लागली, आणि बदलीच्या यादीत तिचं नाव आलं नाही. आईला फोनवर सांगितलं तर पार्वताबाई म्हणाली, "थेंब शेजारची मयुरी घालते. खरं बोललीस ना? मग रडगाणं कशाला?"

सोमवारी जिवली परत आली. संघमित्राने फळ्यावर बारा केळी काढली. "डझन म्हणजे बारा. मी चुकीचं सांगितलं होतं."

जिवलीने चित्रातली केळी बोटाने मोजली. "मग मॅडम, फणीतली बाकीची चार कोण नेतं?"

अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झालेली मी, मला हे अजून सांगता आलेलं नाही.

आता पुन्हा तुझ्याशीच बोलते, संघमित्रा. दिवाळीनंतर तू जळगावला आलीस आणि माझ्या हातात चार पानं दिलीस. अकरा वर्षांच्या चाचण्यांत पोरं जिथे अडली ते शब्द: लिफ्ट, पदपथ, उद्यान, बंगला. प्रत्येकापुढे पोरांना काय वाटलं ते. "तक्रार नाही हो बाई, पेपर काढणाऱ्यांनी नुसतं वाचावं," म्हणालीस. माझा जुना विद्यार्थी राजदीप पुण्यात पेपर काढणाऱ्यांपैकीच आहे. तो जानेवारीत भाचीच्या लग्नाला येणार होता, त्याला देते म्हटलं मी.

तो आला. वांग्याचं भरीत-पुरी खाल्ली, दोन तास बसला, यंदाचे पेपर किती छान उतरले ते सांगत राहिला. जेवताना कशाला, मग देऊ, असं म्हणत मी बसून राहिले. पानं आतल्या खोलीत, कपाटात होती. त्याची गाडी आली, तो गेला, पानं कपाटातच राहिली.

त्यानंतर तुझे दोन फोन आले. दोन्ही वेळा आपण तुझ्या आईच्या डोळ्यांबद्दलच बोललो. तू पानांचं विचारलं नाहीस, आणि मीही काही बोलले नाही.