हात लावलेला कॉम्प्युटर

"हिनं हात लावलाय त्याला. सगळं फॉरमॅट मारायला दुसरा कुणी पाठवा. आपल्यातला."

साहेब माझ्यासमोरच फोनवर बोलत होते. पलीकडे आमच्या दुकानाचा सेठ. मी त्यांच्या हॉलमध्ये, कुळगावात, कॉम्प्युटरसमोर बसलेली. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. मग वस्ती. मी दोन्ही सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं त्यात?

"ऊठ तिथनं," फोन ठेवून ते म्हणाले.

मी उठले.

तेव्हा मी बावीस वर्षांची. उल्हासनगरात कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात कामाला. वडील अंबरनाथ एमआयडीसीत, केमिकलच्या कंपनीत. आणि हे घर कुणाचं? माझ्या गणिताच्या बाईंचं. साहेब म्हणजे त्यांचे मिस्टर. दहावीत त्यांनी माझी वही सगळ्या वर्गात फिरवली होती. "डोकं असावं तर असं," म्हणाल्या होत्या. आमच्या घरात असं कौतुक कुणाला ठाऊक? ते वाक्य मी जपून ठेवलं होतं.

दुकानात फोन करून बाईंनीच मला मागवलं होतं. "माझी विद्यार्थिनी आहे, तिलाच पाठवा." मी त्या दिवशी दिवाळीचा ड्रेस घातला. कॉम्प्युटर दुरुस्तीला कुणी असं जातं का? मी गेले.

मशीन नवं होतं. ड्युअल कोअर, म्हणजे एकात दोन प्रोसेसर. तरी बाईंच्या मुलाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम अडकत होता. गाडी मध्येच थांबायची, मध्येच उडी मारायची. आधी आलेल्या दोघांनी महागडं ग्राफिक्स कार्ड टाकायला सांगितलं होतं. मी टास्क मॅनेजर उघडला, मशीनवर काय काय चालू आहे ते बघितलं. गेम जुना, एकाच प्रोसेसरसाठी बनवलेला. दोन कोअरमध्ये त्याची ओढाताण होत होती. मी तो एकाच कोअरवर चालवला. त्याची प्रायॉरिटी वाढवली, म्हणजे मशीन आधी त्याचं काम करणार. मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम बंद केले.

"ताई, एकदम मक्खन!" पोरगा ओरडला. गेम बंद केला की हे सेटिंग जातं, म्हणून मी त्याला कागदावर लिहून देत होते. तेवढ्यात साहेब आले.

"बाबा, चालतोय ना आता! फॉरमॅट कशाला?" पोरगा म्हणाला. साहेबांनी त्याला आत पाठवलं. कागद माझ्या हातातच राहिला.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. एक शब्द बोलतील, वाटलं. एकच.

त्यांनी मान खाली घातली.

साहेबांचा राग आला. पण रिक्षा स्टँडपर्यंत मी रडत गेले ती बाईंमुळे. असे साहेब मला नवीन नव्हते. बाई एकच होत्या.

दुसऱ्या दिवशी दुसरा मेकॅनिक गेला. मी केलेलं सगळं पुसून आला. गेम पुन्हा अडकायला लागला. साहेबांचा दुकानात फोन, "त्या मुलीनं बिघडवून ठेवला."

सेठ मला म्हणाला, "बेटा, सॉरी बोल दे. तेरा क्या जाता है?"

"माझंच जातंय, सेठ."

मी सॉरी म्हटलं नाही. सेठनं मला घरोघरी पाठवणं बंद केलं. दिवसभर आत बसून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधली धूळ काढायची. नाकातोंडात जायची.

पंधरा दिवसांनी दुकानात माझ्यासाठी फोन आला. बाई. अगदी हळू आवाजात.

"अगं, तुझ्याशिवाय कुणाला जमत नाहीये. गुरुवारी दुपारी ये ना. हे ऑफिसात असतात. मागच्या दारानं ये, म्हणजे शेजारी..."

पुढचं त्यांनी गिळलं.

 चार क्लिकचं काम. फोनवरसुद्धा सांगता आलं असतं. त्या पोराचा काही दोष नव्हता. तरी मी विचारलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात?"



"संसार करायचा असतो गं. तुला नाही कळायचं."

"मग साहेब घरी असताना बोलवा. पुढच्या दारानं. मी येईन."

बाईंनी फोन ठेवला. नंतर कधीच केला नाही. रिसीव्हर हातात धरून मी तशीच उभी. वाटलं, आपलं माणूस गेलं.

आजही मी हेच काम करते. बाईंची आठवण आली की आजही आत काहीतरी तुटतं. त्यांनी दिलेलं गणित माझ्या डोक्यात आहे, त्याचे उपकार मी नाकारत नाही. पण ज्या घराला माझं काम हवं आणि मी नको, त्या घराचं मशीन बंद पडू दे. धूळ खाऊ दे. मग तिथं माझ्या बाई राहत असल्या, तरी.

दार पुढचंच. नाहीतर नाही.