खांद्याकडे पाहणारा कुत्रा

ऑक्टोबरात माझा धाकटा भाऊ गेला. दारव्हा रोडवर अर्ध्या रस्त्यात सोयाबीन वाळत घातलेलं होतं, त्यावरून त्याची मोटारसायकल घसरली. तो बियाण्यांच्या कंपनीत होता, काम सगळं गावोगाव फिरण्याचं. दिवाळी आठ दिवसांवर होती. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. यवतमाळच्या घरात आता मी, बाबा आणि त्याचा कुत्रा, एवढेच राहिलो.

त्या दिवसांतलं मला फार आठवत नाही. लोक भेटायला येत, मी चहा करी. चौदाव्या की पंधराव्या दिवशी मी ऑफिसला गेले. फाइल उघडायची, टिपणी लिहायची, सही करून पुढे पाठवायची. एका दुपारी डब्यातला ठेचा मी भाजीसारखा खाऊन टाकला. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "अवो मॅडम, डोळ्यांतून पानी चाललं ना तुमच्या!" मी रुमाल लावून पाहिला, तो खरंच ओला झाला. त्या दोन महिन्यांत डोळ्यांना आलेलं पाणी तेवढंच, तेही मिरचीचं.

बाबा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. नकाशे काढण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे बोलणं मुळातच कमी. आता तेही थांबलं. सकाळी ते खुर्ची अंगणात नेत आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत. कुत्रा फाटकाशी पडून असे. रस्त्यावरून कितीही गाड्या जावोत, तो डोकं उचलत नसे.

भावाने त्याला आर्णीच्या एका जिनिंगमधून आणला होता, रुमालात बांधून, पोटाशी धरून. गावठीच, तांबूस, एक कान मोडलेला. पहिले दोन दिवस त्याच्या अंगावरचा कापूस आम्ही वेचत होतो. नाव भावानेच ठेवलं. भाऊ गेल्यावर ते नाव माझ्या तोंडून निघेना. मी त्याला नुसतं "अरे" म्हणायची. बाबा तेवढंही म्हणत नसत.

डिसेंबरात तो जिना चढताना धापा टाकायला लागला. मी त्याला ऑटोत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, काय खाऊ घालून राह्यल्या याले?"

"दोन वेळा पोळी आणि दूध."

"आन् अजून कोन घालते?"

मला माहीत नव्हतं. घरी येऊन बाबांना विचारलं तर तेही दोन वेळा घालत होते. महिनाभर आम्ही दोघं एकमेकांना न सांगता त्याला जेवू घालत होतो. कुत्र्याची तक्रार नव्हती.

डॉक्टरांनी औषध दिलं नाही. पोलिसांच्या श्वान पथकातून निवृत्त झालेले एक हवालदार आर्णी रोडकडच्या लेआउटमध्ये राहतात, त्यांच्याकडे न्या म्हणाले. "ते पाळीव कुत्र्यायले उड्या मारणं, बोगद्यातून जाणं असं शिकवते. वजन बी उतरीन आन् त्याचं मन बी लागीन." मन कोणाचं, असं मी विचारलं नाही. सांगितलं ते करायचं, एवढंच तेव्हा मला जमत होतं. रविवारी सकाळी मी गेले.

लेआउटमधला एक रिकामा प्लॉट. विटांवर आडव्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या नळ्या, त्या उड्यांसाठी. जमिनीत एका ओळीत रोवलेल्या दहा तुराट्या, त्यांच्यामधून कुत्र्याने नागमोडी जायचं. तळ कापून एकमेकांना जोडलेले तीन ड्रम, हा बोगदा. आणि एका दगडावर आडवी टाकलेली फळी, शाळेच्या बागेत मुलांचा सी-सॉ असतो तशी. या सगळ्यातून कुत्र्याने न चुकता आणि भरभर जायचं, असा तो खेळ. हवालदारकाका साठीचे, अंगाने सडपातळ. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलंही नाही.

"त्याले त्या लिंबाले बांधा," ते म्हणाले. "आता तुमी पळा."

"मी?"

"मंग? रस्ता कुत्र्याले मालूम हाय का? तो तुमच्याकडून शिकते. पळा."

मी चप्पल घालून गेले होते. ती काढली आणि पळाले. शाळा सुटल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच. नळ्यांच्या बाजूने, तुराट्यांच्या बाजूने, ड्रमला वळसा घालून परत. छातीत कळ आली, पायाला खडे टोचले. टोचले हे कळलं, याचं मला थोडं नवल वाटलं.

"तोंडानं कमी बोला," काका सांगत होते. "कुत्रा तोंडाकडे पायत नाही, खांद्याकडे पायते. जिकडे तुमचा खांदा वळला, तिकडे तो वळते. तुमी जागेवर गोठल्या का तोबी गोठते."

मग त्यांनी विचारलं, "बक्षीस काय आनलं?"

मी पिशवीतून फुटाणे काढले. त्यांनी ते माझ्या हातातून घेतले आणि स्वतः खाल्ले. "फुटान्यावर कुत्रा पळते काय, ताई? उद्या उकडलेलं अंडं आना."

आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. मी बाबांना फक्त सांगितलं की अंडं लागतं म्हणे. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर ओट्यावर सहा अंडी होती, कागदात गुंडाळलेली. बाबा अंगणात खुर्चीवर होते. तो विषय तिथेच संपला.

त्यानंतर रोज सकाळी ऑफिसच्या आधी तासभर. पहिल्या आठवड्यात नळी विटांवरून काढून जमिनीवरच ठेवली होती, कुत्रा ती नुसती ओलांडायचा. प्रत्येक वेळी अंड्याचा नखाएवढा तुकडा. दुसऱ्या आठवड्यात नळी एका विटेवर गेली. त्याने पहिली खरी उडी मारली तेव्हा काका "वा रे पठ्ठे!" म्हणाले. मी तुकडा दिला. मला आनंद झाला का, हे मी मनात चाचपून पाहिलं. आत काही हललं नाही. पण दुसऱ्या दिवशीही मी गेले.

तुराट्यांमधून तो हळूहळू जायला लागला. अडला तो ड्रमपाशी. तोंड आत घालायचा, वास घ्यायचा, मागे सरकायचा. अंडं पलीकडे ठेवलं तर ड्रमला वळसा घालून जाऊन खायचा. आठ दिवस असंच चाललं.

"हाक मारा त्याले पलीकडून," काका म्हणाले.

मी पलीकडच्या तोंडाशी बसून "अरे, ये" म्हणाले.

"ताई, अरे म्हनलं तर मीबी येऊ शकतो. त्याचं नाव काय?"

मी हातातल्या अंड्याचा आणखी एक तुकडा केला. काकांना भावाचं माहीत होतं, डॉक्टरांनी सांगितलं असावं. ते माझ्या शेजारी उकिडवे बसले.

"माझा एक कुत्रा होता, ड्युटीतला. सात वर्षं माझ्यासंगं. तो मेला तवा मी दोन वर्षं त्याचं नाव घेतलं नाही. नवीन कुत्रा भेटला, त्याले हाक माराची तर तोंडात जुनंच नाव ये. मंग मी त्याले हाकच मारली नाही. त्यानं तो नवा कुत्रा पार बिघडला." मग ते उठले. "बाहेरून नाही जमत तर अंदर जा. तुमी अंदर दिसल्या का येईन तो."

मी गुडघ्यांवर बसले आणि ड्रममध्ये शिरले. आत रॉकेलचा जुना वास होता आणि पत्रा थंडगार. मधल्या ड्रमपर्यंत गेले, तिथे खांदे अडकल्यासारखे झाले, म्हणून मी आडवी झाले. बाहेरचा आवाज बंद झाला. तिथे फार बरं वाटलं. बरं म्हणजे, तिथे कोणी मला काही विचारणार नव्हतं. इथेच पडून राहावं, ऑफिसला आज जाऊच नये, असं वाटलं. किती वेळ गेला कोण जाणे. काकांनीही हाक मारली नाही.

मग मी कुत्र्याचं नाव घेतलं. मोठ्याने नाही. पण ड्रममध्ये ते घुमलं आणि आवाज माझा वाटेना.

नखं पत्र्यावर वाजली. तो पोटावर सरकत आत आला, माझ्या कोपरापर्यंत येऊन थांबला आणि हनुवटी माझ्या हातावर टेकवून पडून राहिला. त्याचा श्वास गरम होता, अंड्याचा वास येत होता. मी रडेन असं मला वाटलं, पण रडू आलं नाही. थोड्या वेळाने माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला, म्हणून मी मागे सरकत निघाले, आणि तो माझ्या पाठोपाठ बाहेर आला.

"झालं," काका म्हणाले. "आता रोज येईन."

आणि खरंच तो रोज यायला लागला.

त्या संध्याकाळी माझे खरचटलेले गुडघे पाहून बाबांनी विचारलं, "पडलीस का, बेटा?"

"नाही. ड्रममध्ये शिरले होते."

पुढच्या रविवारी मी निघाले तर ते चपला घालून फाटकाशी उभे होते, खिशात मोजपट्टी. प्लॉटवर पोचताच त्यांनी कुत्र्याची खांद्यापर्यंतची उंची मोजली, मग नळीची उंची मोजली. "हवालदारसाहेब, चारही उड्या सारख्या नाहीत. तिसरी दीड इंच जास्त आहे."

"विटा जशा भेटल्या तशा लावल्या, साहेब."

"तसं नाही चालत," बाबा म्हणाले आणि वीट काढून माती उकरायला लागले. भाऊ गेल्यापासून मी त्यांना खाली वाकलेलं पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत काकांनी विचारलं, बोरी अरबला येता का? ते त्यांचं गाव. तिथे जनावरांच्या तपासणीचं शिबिर होतं, लोक जमणार होते, त्यांना थोडा खेळ दाखवायचा. मी नाही म्हणाले. बाबा म्हणाले, "जाऊ." मी त्यांच्याकडे पाहिलं. बोरी दारव्हा रोडवरच आहे.

काकांच्या पुतण्याच्या मालवाहू गाडीत ड्रम, नळ्या आणि तुराट्या टाकल्या. काका आणि कुत्रा मागे बसले, मी आणि बाबा पुढे. अर्ध्या वाटेवर बाबा गाडीवाल्याला म्हणाले, "जरा हळू घ्या." मग काचेतून बोट दाखवून मला म्हणाले, "इथं."

मी ती जागा कधी पाहिली नव्हती. बाबा पोलिसांबरोबर येऊन गेले होते. एक बाभूळ, एक मैलाचा दगड, पलीकडे उभी तूर. रस्ता स्वच्छ होता. मी पाहिलं, बाबांनी पाहिलं, गाडी पुढे गेली. मला काहीच वाटलं नाही, आणि काहीच वाटलं नाही याची मला भीती वाटली.

बोरीला बाजाराच्या मैदानात आम्ही सगळं मांडलं. एका बाजूला बैल आणि शेळ्या तपासणीला उभ्या, दुसऱ्या बाजूला दोरी बांधून अडवलेला माणसांचा घोळका. काकांनी शिट्टी वाजवली. मी आणि कुत्रा पळालो. पहिली उडी, दुसरी, तिसरी. तुराट्यांमधून तो शेपटी हलवत गेला. घोळक्यात कोणीतरी हसलं. ड्रममधून बाहेर आला. आता डावीकडे चौथी उडी, आणि मग संपलं.

मी तिथेच थांबले. का, ते आजही सांगता येत नाही. डावीकडे जायचं आहे हे माहीत होतं, पण पाय कोणा दुसऱ्याचे असावेत तसे झाले. माझ्यापुढे मैदान नव्हतं, ती बाभूळ होती आणि तूर होती. कुत्रा ड्रमच्या तोंडाशी उभा राहिला. काकांनी सांगितलं होतं तसाच, माझ्याकडे पाहत, एक पाय वर उचललेला. बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

"डावा खांदा!"

बाबा ओरडले होते. दोरीला रेलून, दोन्ही हात तोंडाशी धरून, गळ्याच्या शिरा फुगवून. "डावा खांदा, बेटा! डावा!"

माझ्या बापाला मी जन्मात ओरडताना ऐकलं नव्हतं. भाऊ गेल्याचं कळलं तेव्हाही नाही. माझा खांदा वळला. मी वळवला असं म्हणता येणार नाही. कुत्र्याने त्याच क्षणी वळण घेतलं, माझ्या पुढे गेला आणि चौथी नळी हातभर वरून ओलांडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीने पदरातली अर्धी भाकर कुत्र्यासमोर धरली आणि काका नको नको म्हणेपर्यंत त्याने ती संपवली.

बाबा दोरीपाशी खाली बसले होते. मी जवळ गेले तर ते खोकत होते, डोळे लाल. "घसा बसला," ते म्हणाले. मग म्हणाले, "भूक लागली." शिबिरवाल्यांनी मसालेभात केला होता. त्यांनी दोनदा घेतला. मीही घेतला. तिखट होता.

परतीच्या वाटेवर बाबांनी गाडी हळू घ्यायला सांगितलं नाही. त्यांना डुलकी लागली होती.

आता उन्हाळा लागला आहे. सकाळी साडेपाचला गेलं तरच जमतं, सातनंतर पत्र्याला हात लावता येत नाही. कुत्र्याचं वजन उतरलं. जिना तो माझ्या आधी चढतो. मला बरं वाटायला लागलं का, असं ऑफिसातल्या त्या बाईने परवा विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. साडेपाचला गजर न लावता जाग येते, इतकं सांगता येईल.

झुलत्या फळीचं मात्र अजून जमलेलं नाही. फळी कलायला लागली की तो मधूनच उडी मारून उतरतो. काका म्हणतात घाई करू नका. बाबांच्या मते दोष कुत्र्याचा नाही, खालचा दगड ओबडधोबड आहे. त्यांनी त्याच्या जागी बसवायच्या गोल ठोकळ्याचा नकाशा काढला आहे, मापांसकट, आणि आज सकाळपासून अंगणात सागाचा एक ओंडका घेऊन बसले आहेत. करवतीचा आवाज येतो आहे. कुत्रा भुशात लोळतो आहे. आता मला उठून त्याला झटकावं लागेल.