खंडेनवमीचा पाना

घाटकोपरला आग्रा रोडच्या कडेला सहदेव मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. मालवणाहून आलेला हा माणूस गिरणीत रमला नाही, मोटारींत रमला. गाडी थरथरते म्हटलं की तो स्वतः तिच्यात बसून फेरी मारायचा. स्टिअरिंग थरथरलं तर दोष पुढच्या चाकांत, बूड थरथरलं तर मागच्या. बहुतेकदा खरं ठरायचं आणि त्याचा त्याला ताठाही होता. काम शिकवणाऱ्या उस्तादाने मात्र एकच धडा घोटून घेतला होता: आधी चाकाच्या नटांना पाना लावायचा, मग अक्कल लावायची.

१९५४च्या दसऱ्याआधी त्याने डॉक्टर शरच्चंद्रांच्या गाडीला चार नवे टायर चढवले. त्याच्या बायकोला, जानकीला, टायफॉइडमधून याच डॉक्टरांनी ओढून काढलं होतं, म्हणून काम त्याने दुसऱ्यावर सोपवलं नाही. पण सणाची घाई होती, दारात गाड्या उभ्या होत्या, आणि घाईत हात हलका पडतो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. जानकीने पाने, हातोड्या, जॅक पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू ठेवले. आता दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. नेमके तेव्हाच डॉक्टर आले. बायको नलिनीबाईंसह नाशिकला निघालेले, पण मुलुंडजवळ चाळीस मैलांच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागलं म्हणून परत फिरलेले.

सहदेवने विक्रोळीपर्यंत फेरी मारली. चाळीस ओलांडले की थरथर, वेग उतरला की शांत. पुढच्या टायरचं वजन एका अंगाला जास्त आहे, असं त्याने ठरवून टाकलं. खाली वाकून नट बोटांनी चाचपले, हलले नाहीत. थोडा ढिला नटही नुसत्या बोटांना दाद देत नाही, हे तोच सगळ्यांना शिकवायचा. डॉक्टर म्हणाले, डिकीत माझा पाना आहे, तो घे.

"डॉक्टरसाहेब, पाना कुणाचा पण असू दे, आज हात नाय लावायचा. नव्या टायरचे नऊ दिवस नखरे. पस्तिसाच्या वर जाऊ नका."

डॉक्टरांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी ते हसले. माझ्यासाठी तुझी रीत मोडू नकोस, म्हणाले आणि निघाले. इतकं चांगलं असू नये माणसाने.

कसाऱ्याच्या घाटात पुढचं चाक निखळलं. डॉक्टर जागच्या जागी गेले. नलिनीबाई वाचल्या, पण एका पायाने अधू झाल्या. पंचनाम्यात लिहिलं, वळणावर वेग आवरला नाही. सहदेवला कुणी काही विचारलंच नाही आणि तेच त्याला आतून खात राहिलं. तेंचा आयुष्य तेवढाच व्हता, असं जानकी समजावायची. त्याला ताट पुढे घेणंही नकोसं व्हायचं.

तीन महिन्यांनी तो डॉक्टरांच्या घरी गेला आणि उंबऱ्याशीच बसला. नलिनीबाई कुबडी टेकत बाहेर आल्या.

"बाई, नट मीच आवळले होते. आणि त्या दिवशी पाना लावला नाय."

"ठाऊक आहे मला. मी गाडीतच होते."

पोलिसांनी गाडीबद्दल त्यांना तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा त्या गप्प राहिल्या होत्या. का, ते त्यांनीच सांगितलं.

"तुझं नाव घेतलं असतं, तर रीत मोडू नकोस म्हणणाऱ्याचंही घ्यावं लागलं असतं. ते माझ्याने झालं नाही. तू आता पुन्हा येऊ नकोस, सहदेव."