वीतभर पाचोळा

समस्त नातलग, शेजारी आणि गल्लीतली हितचिंतक मंडळी यांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की जळगाव मुक्कामी, मेहरूण तलावाच्या अलीकडे, आमच्या अंगणात सुखाने कुजत पडलेला वीतभर जाडीचा पाचोळा अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास अग्नीच्या स्वाधीन झाला. वय चार महिने. मृत्यू नैसर्गिक नव्हता. मारेकरी माझी सख्खी थोरली बहीण.

हसू नका. मी तेव्हा हसलो नव्हतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचो. दिवसभर कागदावर कालवे वाहवायचे आणि घरी येऊन दोन दिवसांआड येणाऱ्या नळाकडे बघत बसायचं, असा माझा दुहेरी संसार होता. त्यातच धुळ्याच्या एका शिबिरात मला सायक्लोस्टाइल केलेली एक पुस्तिका मिळाली. अर्धी पानं पुसट, उरलेली उलटी लावलेली. पण जेवढं वाचता आलं, तेवढ्याने मी पार बिघडलो. घराभोवतीची जागा जंगलाकडे बघून मांडावी. पाणी एकदा वापरून सोडू नये. रोज लागणारं स्वयंपाकघराच्या दाराशी लावावं, कधीमधी लागणारं कुंपणाशी. आणि जमीन कधीही उघडी ठेवू नये.

मी ट्रेसिंग पेपरवर अंगणाचा नकाशा काढला, थेट नाटकाच्या नेपथ्यासारखा. न्हाणीचं पाणी डावीकडून प्रवेश करणार, तीन केळींना भेटणार आणि अळूत विसावणार. कोथिंबीर आणि कढीपत्ता दाराशी. मावळतीचं ऊन अडवायला कुंपणाशी शेवगा. आणि रंगमंचाच्या मधोमध नायक, म्हणजे कागदी लिंबाचं गुडघ्याएवढं रोप.

बायकोने नकाशा शांतपणे पाहिला आणि म्हणाली, "छान आहे. याच जागी तीन उन्हाळ्यांत तीन लिंबं मेलीत. मला इथे कोबा हवाय. पापड वाळवायला, कुरडया घालायला, खाट टाकायला."

बरीच बोलाचाली होऊन तह झाला. हे चौथं लिंबू अखाजीपर्यंत हिरवं राहिलं, तर अंगण माझं. वाळलं, तर गवंडी बोलवायचा आणि मी जन्मभर झाडाचं नाव काढायचं नाही. पाणी मात्र आठवड्याला एकच कळशी. जास्तीचं पाणी घरात नव्हतंच.

एका कळशीत आमच्याकडचा उन्हाळा काढायचा तर ओल धरायला जमीन पाचोळ्याने झाकायलाच हवी. पुस्तिकेत हे एका ओळीत होतं. ते लिहिणाऱ्याला आई नसावी.

कारण आमच्याकडे अंगण हे घराचं तोंड. सकाळी उठून ते झाडायचं, शेणाचा सडा घालायचा आणि मग चहा. ज्या अंगणात पान पडलेलं दिसलं, त्या घरात काहीतरी बिनसलंय, असं गल्ली धरून चालते. मी सकाळी लिंबाभोवती पाचोळा पसरून ऑफिसला जायचो. संध्याकाळी येऊन बघतो तर जमीन न्हाव्याकडून आल्यासारखी तुळतुळीत आणि कोपऱ्यात राखेचा ढीग. रोज. महिनाभर रोज! मी आईला समजावलं, चिडलो, एक दिवस खराटा लपवला. तिने शेजारून मागून आणला.

आणि पाचोळा काय आकाशातून पडत होता? गल्लीतले लोक आपापला कचरा जाळायच्या आत मी पोतं घेऊन दारोदार जायचो. केळीच्या मळ्यातून वाळलेली पानं सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचो. समोरचे नाना ओट्यावर बसूनच असायचे.

"काय भाऊ, नगरपालिकेत बदली झाली का?"

"नाना, खत होतं याचं."

"होऊ द्या, होऊ द्या. आमच्या घरचं खरकटं पण देऊ का पाठवून?"

मी तेही घेतलं. नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी मी आईच्या पायाशी बसलो आणि घरचा उंबरठा साक्षी ठेवून तिच्याकडून कबूल करून घेतलं, की अखाजीपर्यंत ती पाचोळ्याला हात लावणार नाही. आईने शब्द दिला आणि पाळला. अक्षरशः पाळला, ते पुढे येईलच.

चार महिने गेले. चैत्रात समोरची मेंदी करपली, नानांचा मोगरा वाळून काडी झाला. माझं लिंबू हिरवं! पाच नवी पानं! मी ती रोज मोजायचो. येता-जाता बायकोचीही नजर तिकडे जायची. तरीही अखाजीच्या आदल्या दिवशी तिने गवंड्याला माप घ्यायला बोलावून ठेवलं होतंच. "एक दिवस बाकी आहे अजून," एवढंच म्हणाली.

अखाजीला लेकी माहेरी येतात. आमची अक्का दरवर्षी नरडाण्याहून गाडीने यायची. त्या दिवशी मी ऑफिसात, बायको गिरणीवर, घरात आई एकटी. अक्काने फाटक उघडलं आणि पाहिलं, तर बापाच्या अंगणात वीतभर कचरा. उद्या फाटकालगतच्या कडुनिंबाला झोका बांधणार, गल्लीतल्या माहेरवाशिणी येणार, आणि हे? भावाच्या घरी वाईट दिवस आले, भावजय अंथरुणाला खिळली, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं. पिशवी ओट्यावर ठेवली, पदर खोचला आणि खराटा घेतला. कुणाला एक शब्द विचारला नाही. विचारायचं कशाला? माहेरची अब्रू झाकायला लेक परवानगी मागते का?

गवंडी येणार म्हणून मी त्या दिवशी दुपारीच जेवायला घरी आलो, तर कोपऱ्यातून धूर निघत होता. अंगण उघडं, मध्ये लिंबू बिचारं, जसं भर सभेत कुणाचं धोतर सुटावं. अक्का घामाघूम, चेहऱ्यावर पुण्य केल्याचं तेज.

"दोन घंटा लागनात माले, भाऊ! बठ्ठं साफ करी टाकं!"

मी आईकडे वळलो. ती ओट्यावर सुपात गहू निवडत होती.

"मन्हा हात लागना नही," आई म्हणाली. "तुन्ही बहीणना लागना."

मी ओरडलो. सणाच्या तोंडावर, माहेरी आलेल्या बहिणीवर. चार महिन्यांचं पाचोळ्याचं आयुष्य, सायकलच्या खेपा, नानांचं खरकटं, सगळं मी एका दमात ऐकवलं. अक्काला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तिला वाटलं, भाऊ उन्हाने चळला. तेवढ्यात गवंडी मापाची फीत घेऊन आला. मागोमाग बायको, डोक्यावर पिठाचा डबा.

सडा घालण्याआधी लिंबाभोवतीचा उंचवटा सपाट करावा म्हणून अक्का खुरपं घेऊन बसली. मी "नको!" म्हणेपर्यंत तिने घाव घातलासुद्धा. खुरपं आत शिरलं ते लोण्यात शिरल्यासारखं. अक्का थांबली. तिने मूठभर माती वर काढली. काळी, गार, आणि तिच्यात एक जाडजूड गांडूळ वळवळत होतं. वैशाखात. जळगावात.

बायकोने डबा खाली ठेवला. वाकून स्वतः मातीत बोटं घातली आणि बराच वेळ काढली नाहीत. मग लिंबाची पानं पाहिली. मग गवंड्याकडे.

"भाऊ, फीत गुंडाळा. कोबा नाही करायचा."

चार महिने मी ज्या क्षणाची तालीम केली होती, तो आला होता. पाचोळा जळून गेला होता, पण नायक जिवंत होता आणि प्रेक्षक हजर होते. समोरच्या ओट्यावर नानासुद्धा उठून उभे राहिले होते. मी घसा साफ केला, उजवा हात उचलला, आणि जमीन झाकण्याचं माहात्म्य सांगायला तोंड उघडलं.

अक्का खुरपं टाकून ताडकन उठली. हातातल्या ओल्या मातीकडे पाहत, खऱ्या काळजीने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "भाषण मंग दे, भाऊ, पहिले नळवालाले बलाव! आठे जमीनमा तुन्हा पाइप फुटना शे!"