तात्या चुरींची बंद दाराची तपासणी

शिरगावात फ्रीज घ्यायचा ठरला की माणसं आधी दुकानात जात नसत, तात्या चुरींच्या ओटीवर येत. तात्या बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रयोगशाळेत कामाला होते. फ्रीजवर स्टारचं जे लेबल असतं ते खरं बोलतं की नाही, हे तिथे तपासत. दुकानातून आणलेला फ्रीज मुद्दाम उबदार ठेवलेल्या खोलीत उभा करायचा, पोटात तापमान मोजणाऱ्या तारा सोडायच्या, दार लावायचं आणि तो किती वीज खातो ते पाहायचं. छापलेल्या आकड्याहून जास्त खाल्ली तर कंपनीची धडगत नसे. तपासणी संपेपर्यंत दार उघडायचं नाही, हा नियम. नोकरीच्या साऱ्या वर्षांत तात्यांनी असंख्य फ्रीज पाहिले, पण त्यांतल्या एकातही कुणी भाजी ठेवलेली पाहिली नाही.

निवृत्ती जवळ आली तशी त्यांची ऐट वाढली. "पाच स्टारचा घ्या, डोळे मिटून घ्या," एवढंच ते सांगत, आणि लोक खरोखरच डोळे मिटून घेत. स्वतःच्या घरचं विजेचं बिल किती कमी येतं, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. शिस्त असली की असं होतं, म्हणत.

अशा माणसाला पुष्पलतावहिनींनी भर देवळासमोर अडवलं. वहिनी म्हणजे तात्यांच्या वारलेल्या चुलतभावाची बायको. वाडीतला मोगरा खुडून गजरे विकायच्या. कळ्या टिकाव्यात म्हणून तात्यांच्या शब्दावर त्यांनी पाच स्टारचा फ्रीज घेतला होता.

"भावजी, तुमचे स्टार खोटे हायत. बिल बघून घाम फुटतो. आणि कळ्या सकाळपर्यंत उमलून बसतात."

"वहिनी, लेबल खोटं असणं शक्य नाही."

"मग मी खोटी? पुढच्या रविवारी गावचं मंडळ तुमचा निवृत्तीचा सत्कार करतंय, शाल मी घालायची हाय. त्याच्या आधी माझ्या फ्रीजचं काय ते सांगा. नायतर माइकवर मीच सांगीन."

तात्यांचा चेहरा उतरला. आयुष्यभर कंपन्यांना धाक घातला, आणि आता गावासमोर आपलीच तपासणी!

सत्काराला आठ दिवस असताना शनिवारी संध्याकाळी ते युनिट मोजायचा छोटा मीटर घेऊन वहिनींच्या घरी हजर झाले. आत काय आहे हे पाहिलंसुद्धा नाही. गजरे ओवायचा केळीचा सोप, म्हणजे वाळलेल्या सालीचा दोर, घेतला, फ्रीजला आडवा गुंडाळून पक्की गाठ मारली. "उद्या संध्याकाळपर्यंत दार उघडायचं नाही."

"आणि माझ्या कळ्या?"

"टोपलीत, ओल्या फडक्यात."

"ते तर मी फ्रीज नव्हता तेव्हाही करत होते," वहिनी म्हणाल्या.

रविवारी सकाळी तात्या फ्रीजशेजारी खुर्ची टाकून बसले. पहिली आली शेजारची जमना. "वहिनी, माझं इडलीचं पीठ द्या."

"तपासणी चालू आहे!" तात्या गरजले.

"अहो, पण घरी पावणे हायत!"

मग दर्पण आला, त्याची घोळ माशाची तुकडी आत होती. त्याच्यामागून मितेश, क्रिकेटच्या पोरांच्या पाण्याच्या बाटल्या न्यायला. तात्यांनी डोळे बारीक केले. "तुमचे फ्रीज नाहीत?"

"हायत की! पण हा पाच स्टारचा," मितेश म्हणाला. "तुमीच सांगितलं, ह्याला वीज लागते कुठं?"

तात्यांचा हर्ष मनात मावेना. गुन्हेगार सापडला होता, आणि तो लेबल नव्हता! दिवसभर त्यांनी मनात भाषण जुळवलं.

संध्याकाळी अख्खी गल्ली आपापल्या वस्तूंसाठी जमली. त्यांत तात्यांची बायको सुलूताईही होती, जरा मागे. मीटर पाहिला. दिवसाच्या हिशेबाने फ्रीज लेबलावरच्या आकड्याच्या आतच होता. तात्यांनी सोप कापला आणि भांड्यांवर कोरलेली नावं मोठ्याने वाचत एकेकाला वस्तू देऊ लागले, प्रत्येकाला एक टोमणा जोडून. "जमना, हे पीठ की धरण? दर्पण, घोळ घरी झोपव आता!"

तळाशी स्टीलचा मोठा डबा होता. "सौ. सुलोचना..." तात्यांनी वाचलं आणि डबा उजेडात धरला. डबा त्यांच्याच लग्नातला होता.

"असं काय बघताय?" सुलूताई पुढे आल्या. "आपला जुना दोन स्टारचा जास्त खातो, असं तुमीच म्हणालात. गणपतीपासून बंद हाय. त्यात मी गोधड्या ठेवते."

"मला कसं कळलं नाही?"

"तुमाला ताट समोर येतं. फ्रीज उघडलाय कधी?"

गल्ली खो-खो हसली. वहिनी हसल्या नाहीत. "बोला भावजी. कोण पास, कोण नापास?"

तात्यांनी डबा काखेत मारला. जुळवलेल्या भाषणातलं एक वाक्य आठवेना. "फ्रीज पास आहे," ते म्हणाले. "नापास मी. बिलातला आमचा वाटा उद्या आणून देतो."

डबा घेऊन ते गल्लीतून सगळ्यांदेखत घरी गेले. गोधड्या काढल्या, बटण दाबलं. जुना फ्रीज चिडल्यासारखा गुरगुरला.

पुढच्या रविवारी वहिनींच्या वेणीत मिटलेल्या कळ्यांचा गजरा होता. त्यांनी तात्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि माइक हातात घेतला.

"भावजी, शाल जपून ठेवा," वहिनी म्हणाल्या. "पण फ्रीजात नको. तो आता चालू हाय."