कॉन्डमाइन नदीची भरती

समुद्राकडे पाठ करून वाहणाऱ्या कॉन्डमाइन नदीला भरती-ओहोटी असते असं मानणारी अख्ख्या ऑस्ट्रेलियात एकच व्यक्ती आहे, आणि ती टूवूंबाच्या हॉस्पिटलात माझी बायको काम करते त्या वॉर्डमध्ये नर्स आहे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी म्हणून आम्ही तिला ताई म्हणतो. पण पहिल्याच भेटीत मी ‘अहो’ म्हणालो तेव्हा तिने मला थांबवलं. “अहोजाहो पेशंटसाठी ठेव, मेट.” मूळची मालवणकडची. सुट्टी मिळाली की तासभर गाडी चालवून नदीवर जाते. तिने एकटीने जाऊ नये म्हणून माझ्या बायकोने सोबतीला मला नेमलं, अर्थातच मला न विचारता.

ताईच्या मासेमारीला मोठं शास्त्र आहे. यलोबेली नावाचा इथला मासा पाण्यात पडलेल्या झाडांच्या आडोशाला बसतो, म्हणून गरी तिथेच टाकायची, एवढा भाग सगळ्यांना मान्य आहे. पुढचं शास्त्र ताईचं स्वतःचं. आमिषाची गांडुळं तिच्या भाजीच्या वाफ्यातलीच लागतात, विकतच्या गांडुळांना म्हणे चव नसते. ही चव कोणी घेऊन पाहिली, हे विचारायचं मी टाळलंय. काठावर शांतता पाळायची हा नियम फक्त मला. ती स्वतः वॉर्डातल्या भानगडी अखंड सांगत असते आणि मासे ऐकायला येत असावेत, कारण तिला हमखास लागतात. मासा बाहेर आला की त्याचे कल्ले उचलून ती लाली तपासते. मालवणच्या बाजारातली सवय.

“ताई, आत्ता तूच काढलास ना पाण्यातून?”

“म्हणून काय झालं? बघून घेतलेलं बरं.”

एकदा तर डोळे जरा खोल गेलेत म्हणून तिने एक तडफडता मासा नापास करून परत पाठवला. पास झालेल्यांना पर्समधली शिंप्याची टेप लावून मोजायचं. त्यातून ताई सोमवारी मासे खात नाही आणि रोस्टर तिला सुट्टी नेमकी सोमवारचीच देतो. त्यामुळे सोमवारी लागलेला यलोबेली कल्ले दाखवून, माप देऊन, दोन शब्द ऐकून सुखरूप घरी जातो.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे भरती. ताई वेळ ठरवते ती तिथीवरून. निघण्याआधी गावी वडिलांना फोन करायचा आणि आज तिथी कुठली ते सांगायचं. आयुष्यभर खाडीवर गरवलेले ते गृहस्थ तिथीला पाऊणने गुणतात आणि पंचमीला पावणेचार असं फर्मान सुटतं. मग ऊन असो, वारा असो, पावणेचारच्या आत गरी पाण्यात पाहिजे. आमच्या पायाखालची नदी मात्र वर्षानुवर्षं एकाच दिशेला वाहतेय.

मी पडलो शिकवणारा माणूस, तोही पुण्याचा. समोरच्याची चूक दाखवून दिली नाही तर मला जेवण जात नाही. एका सोमवारी मी काठावरच्या मातीत काटकीने नकाशा काढून ताईला समजावलं, की समुद्र डोंगरापलीकडे राहिला, ही नदी उलट्या बाजूला जाते, इथे भरती येणं शक्य नाही. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

“एकोणीस वर्षं राहते रे मी इथे. मला कळत नाही होय?” ती म्हणाली. “बाबांना हल्ली काही दिवस माझं नावसुद्धा आठवत नाही. पण तिथी सांगितली की भरती अजून अचूक सांगतात. तेवढंच विचारायचं सोडलं, तर ते माझ्याशी बोलणार काय?”

मी पायाने नकाशा पुसला. इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारभर काही लागलं नव्हतं. आम्ही आवरायला घेतलं होतं. ताई गुडघाभर पाण्यात उभी राहून ओंडक्यात अडकलेली गरी सोडवत होती. तिचा फोन वाजला. “बाबा असतील, घे रे,” ती तिथूनच म्हणाली. मी घेतला. माझी त्यांच्याशी ओळख नव्हती.

“कोण?”

“ताईसोबत आलोय मी. नदीवर.”

“पाणी चढता काय?”

मी पाण्याकडे पाहिलं. आम्ही आल्यापासून दगडाला चिकटलेलं पान जागचं हललं नव्हतं.

“चढतंय, बाबा.”

“किती?”

म्हातारा पक्का होता. “घोट्यापर्यंत होतं, आता गुडघ्याला लागलंय.”

“मगे थांबा,” ते म्हणाले. आवाज एकदम तरतरीत झाला होता. “जाव नकात. चेडवाक सांग, आता मासो लागतलो.”

चेडू म्हणजे मुलगी. आज नाव आठवलं नसेल, पण मुलगी आठवली होती. मी निरोप सांगितला. ताई ओंडक्याकडे तोंड करून उभी होती. मग काठावर येऊन तिने डबा पुन्हा उघडला, गरीला नवं गांडूळ लावलं आणि दोरी पाण्यात सोडली. घरी जायला उशीर होणार होता. मी गाडीत ठेवलेल्या खुर्च्या परत आणल्या, आणि आम्ही दोघं चढत्या पाण्याकडे बघत बसलो.