शाईचं पान

"शाईनं लिहून टाकू काय?" असं काका विचारत, तेव्हा डाव्या कानावर पेन्सिल असे आणि खिशात शाईचं पेन. समोर निळ्या पुठ्ठ्याची वही उघडी. लंचरूममध्ये आम्ही डबे उघडत असू आणि ते जेवायच्या आधी कुणाला तरी पकडत. बेसबॉलचा कुठला विक्रम कधीच मोडणार नाही, ते सांग. उत्तर पटलं तर शाई, नाही तर पेन्सिल.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एकाच गोष्टीचं वेड, आणि त्या वेडात बाकीच्या जगाला ओढायची हौस. आम्ही सगळे ज्यांना काका म्हणायचो, ते मूळचे नागपूरचे. कॅनडात, किचनरच्या कारखान्यात आम्ही गाड्यांच्या दारांची कुलपं तपासायचो. ते वीस वर्षं जुने, मी नवा. त्यांच्याच घराच्या बेसमेंटमध्ये मी आणि माझी बायको भाड्यानं राहायचो. वर ते एकटे. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन व्हँकुव्हरला.

इंग्रजी कानावर पडावं म्हणून पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी रेडिओवर बेसबॉल लावला होता. इंग्रजी जेमतेम आलं, बेसबॉल मात्र अंगात भिनला. शाईच्या पानावर मोजून तीन आकडे होते. सलग छप्पन सामन्यांत रोज किमान एक फटका. एका गोलंदाजाचे पाचशे अकरा विजय, कारण आता गोलंदाज पाच दिवसांतून एकदा मैदानात येतो, तो एवढे विजय आणणार कुठून? आणि तिसरा, त्यांचा लाडका, सलग दोन हजार सहाशे बत्तीस सामने हजर राहण्याचा. मी एकदा क्रिकेटमधली ती नव्व्याण्णव पूर्णांक चौऱ्याण्णवची सरासरी सुचवून पाहिली. त्यांनी विचार केला, मान डोलावली आणि म्हणाले की ही वही त्या खेळाची नाही.

होमरनचे, म्हणजे आपल्या षटकारासारख्या फटक्यांचे, विक्रम पेन्सिलीत. तिथला कागद खोडून खोडून पातळ झाला होता. "फटका मारणारे लय येतात, बाबू," ते म्हणत. "रोज हजर कोण राहून राहिलं?"

ते राहत होते. वहीच्या शेवटच्या पानांवर त्यांचं स्वतःचं मस्टर होतं. नऊ वर्षं एकही खाडा नाही. चौदा एप्रिलची रजा ते जानेवारीतच मांडून ठेवत, आणि मांडलेली रजा म्हणजे खाडा नव्हे, हे नवीन आलेल्या प्रत्येकाला समजावून सांगत. दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये सगळ्या प्रांताची वीज गेली, तेव्हा दुसऱ्या दिवशी कारखान्यात चिटपाखरू नव्हतं. हे गेले. कार्डावर वेळ छापणारं घड्याळ बंद होतं, म्हणून दारावरच्या रखवालदाराकडून कार्डावर पेनानं वेळ लिहून घेतली, खाली त्याची सही घेतली आणि घरी आले. आम्ही आठवडाभर हसत होतो.

या हट्टाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील नागपूरच्या गिरणीत होते. मस्टर लिहिणारा कारकून मनात आलं की हजर माणसाच्या नावापुढे खाडा मारायचा, आणि वडिलांच्या नावापुढे त्याच्या मनात फार वेळा यायचं. "लिहिलेलं खरं पाहिजे," काका म्हणाले. "आपल्या बाजूचं असो की नसो." मी मान हलवली. ते शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं असतं, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीतला शुक्रवार. माझी पाळी सहाची, त्यांची सातची. मी बसनं पुढे आलो होतो. घरी माझ्या बायकोला तारखेच्या तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. वर काका बूट घालत होते. त्यांनी तिला गाडीत बसवलं आणि हॉस्पिटलमधून कारखान्यात फोन करून मला निरोप दिला.

मी धावत दारापाशी आलो. माझं कार्ड घड्याळात घातलं, आणि शेजारच्या खणात त्यांचं कार्ड दिसलं. गुरुवारपर्यंतचे चार दिवस भरलेले, शुक्रवार कोरा. नऊ वर्षं माझ्यापायी जाणार होती. घड्याळात सात वाजायला आठ मिनिटं होती. आसपास कुणी नव्हतं. मी त्यांचं कार्ड घड्याळात दाबलं आणि पळालो. दुसऱ्याचं कार्ड मारणं म्हणजे दोघांचीही नोकरी जाणं, हा नियम घड्याळाच्या डोक्यावरच लावलेला होता. मला तेव्हा ती उपकाराची फेड वाटली. आपल्याकडे मित्राची हजेरी लावायला कोण कचरतो?

हॉस्पिटलात काका बाकावर बसले होते. मांडीवर माझ्या बायकोचे बर्फात भिजलेले बूट. मला पाहून म्हणाले, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." मग थोड्या वेळानं, "तुटला रे आज माझा विक्रम. जाऊ दे, चांगल्या कामात तुटला." मी हसलो. तुटलेला नाही, हे मी मनात म्हटलं, तोंडानं नाही. त्या आठवड्याची कार्डं संध्याकाळी ऑफिसात गेली, त्यामुळे त्यांना आपलं कार्ड दिसलंच नाही. जाण्याची वेळ कोरी होती, ती त्या दिवशी रजेवर असलेल्या सुपरवायझरनं नंतर हातानं भरून टाकली. या माणसाचा खाडा असूच शकत नाही, असं त्याला वाटलं.

सोमवारी काकांनी मस्टर पुन्हा एकपासून सुरू केलं. माझ्या मुलीसाठी तिच्या डोक्याच्या दुप्पट मोठी बेसबॉलची टोपी आणली. उन्हाळ्यात कारकिर्दीतल्या होमरनचा जुना आकडा मोडला, तेव्हा तिला मांडीवर घेऊन त्यांनी तिच्या देखत तो खोडला आणि नवा लिहिला, अर्थात पेन्सिलीनं.

डिसेंबरमध्ये कंपनीच्या नाताळच्या जेवणात मॅनेजरनं त्यांचं नाव पुकारलं. दहा वर्षांत एकही गैरहजेरी नाही, म्हणून एक लाकडी पाटी. टाळ्या वाजल्या. काका उठले, पाटी हातात घेतली, वाचली आणि परत केली. "वन डे इज राँग, सर," ते म्हणाले. मॅनेजर हसला. यांनी खिशातून वही काढली.

चौकशी लागली. मॅनेजर खरं तर सुटका शोधत होता. घड्याळ बिघडलं होतं एवढं लिहून द्या, विषय संपला, असं त्यानं सुचवलं. काकांनी विचारलं, की घड्याळ बिघडलं होतं का? नव्हतं. मग ते लिहिणार नव्हते.

त्या संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावलं. दोन कप चहा केला होता. पाळण्यातल्या पोरीची विचारपूस करावी तशा साध्या आवाजात विचारलं, "कार्ड तू मारलं काय?"

माझं वर्क परमिट त्याच कंपनीच्या नावावर होतं. पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज अर्ध्या वाटेत. खाली बेसमेंटमध्ये दहा महिन्यांची पोर. ही कारणं मी इतक्या वेळा मोजली आहेत, की ती आता मलाच पाठ केल्यासारखी वाटतात.

"नाही, काका," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं. तू म्हणतो तर नसेल," ते म्हणाले आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मी तो चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात सांगितलं, की ज्याला विचारायचं त्याला विचारलं, त्यानं मारलेलं नाही. मग कार्ड तुमचं, जबाबदारी तुमची, असं म्हणून कंपनीनं जानेवारीत त्यांना काढलं. वीस वर्षं राबलेल्या माणसाला एका पाकिटात निरोप. मी तेव्हा कुलपं तपासत होतो. कुलूप लावायचं, उघडायचं, लावायचं. ते दाराशी थांबून सगळ्यांना हात करून गेले, मलाही.

मी त्यांचा विश्वासघात केला. याला दुसरा सौम्य शब्द मला सापडला नाही, आणि शोधला नाही असंही नाही. महिन्याभरात मी दुसरीकडे घर पाहिलं. उन्हाळ्यात त्यांनी आपलं घर विकलं आणि ते मुलीकडे गेले. जाताना नवा नंबर आणि पत्ता एका कागदावर लिहून देऊन गेले. माझा पीआर पुढच्या वर्षी झाला.

गेल्या महिन्यात, म्हणजे दोन हजार तेराच्या मार्चमध्ये, व्हँकुव्हरहून पाकीट आलं. काका फेब्रुवारीत गेले. ही वही तुम्हाला द्या असं बाबांनी सांगून ठेवलं होतं, असं त्यांच्या मुलीनं लिहिलं होतं. पुठ्ठ्याला शाईचं पेन अडकवलेलं होतं. टोपण काढून मी बोटावर ओढून पाहिलं. चालत होतं.

शाईच्या पानावर तेच तीन आकडे. शेवटच्या पानांवर मस्टर. त्या शुक्रवारपुढे शाईनं लिहिलं होतं, 'खाडा. मुलगी झाली.' त्याच्या खाली डिसेंबरची एकच ओळ, बारीक अक्षरात, 'विचारलं. नाही म्हणाला.'

ती ओळ पेन्सिलीनं लिहिलेली आहे.

फोननंबरचा तो कागद पाच वर्षं माझ्या पाकिटात होता. मी एकदाही फोन केला नाही.